मोठीचं आधी

धाकट्या जावेच्या गाजरांचं कुणी कौतुक केलं की थोरलीच्या पोटात दुखायचं, आणि हे दुखणं नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. खरोखर डाव्या बरगडीखाली कळ यायची. मग ती पेलाभर गरम पाणी प्यायची आणि कुणी विचारलंच तर पित्त झालंय म्हणून सांगायची. तिचं पित्त नेमकं कशानं उसळतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण थोरलीच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती, त्यामुळे पित्ताला पित्तच म्हणायची पद्धत पडली होती.

घरात माणसं पाच. सासूबाई, दोन मुलगे, दोन सुना. मुलगे गावातल्या दुरुस्तीच्या कारखान्यात पाण्याच्या मोटारी खोलायचे आणि जोडायचे. घरामागची शेती सासूबाईंच्या राज्यात बायकांकडे होती. माणसाहून उंच दाट झुडपांचं कुंपण, त्याला एक लाकडी फाटक, आणि आत शिरलं की डाव्या हाताला थोरलीचं रान, उजव्या हाताला धाकटीचं. दोन्हीकडे गाजरंच. डावीकडची जमीन रेताड, हाताला भुसभुशीत लागणारी. तिथं गाजराला खाली जायला कुणी आडवं येत नाही, ते आपलं सरळ सुटतं. उजवीकडची जमीन चिकण. पावसानंतर ती अशी आवळायची की कुदळीनंही हात जोडावेत. वाटणी झाली तेव्हा चांगली जमीन अर्थातच थोरलीला मिळाली, कारण घरात नियमच तसा होता: मोठीचं आधी.

हा नियम सासूबाईंनी केला नव्हता. तो थोरलीनं केला होता, धाकटी लग्न होऊन आली त्याच आठवड्यात. अंघोळीचं गरम पाणी आधी मोठीला. ताट आधी मोठीचं. पाटाचं पाणी आधी मोठीच्या रानात. एकदा धाकटीनं नकळत पाणी आधी आपल्या वाफ्यांत सोडलं, तर थोरलीनं असा अबोला धरला की घरातली भांडीसुद्धा दबकून वाजायला लागली. शेवटी धाकटीनं कानाला हात लावला. तेव्हापासून तिनं तो नियम असा पाळला की एखाद्याला वाटावं तिनंच केलाय. आणि हसत पाळला. हेच थोरलीला खुपायचं. रडत पाळला असता तर निदान समाधान तरी लाभलं असतं.

आता या गाजरांबद्दल थोडं सांगायला हवं. बी विकत आणायची या घरात रीत नव्हती. काढणीच्या दिवशी सासूबाई दोन्ही रानांतून फिरायच्या आणि सरळ, लांब, आतून-बाहेरून एकसारखी रंगलेली गाजरं निवडायच्या. त्यांचा पाला कापून ती पुन्हा मातीत लावायच्या, त्यांना फुलं आली की बी धरायच्या आणि एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात ठेवायच्या. डब्यावरचं चित्र केव्हाच पुसून गेलं होतं, पण त्याला हात लावायची परवानगी कुणालाच नव्हती. बाजारात लोक ‘त्या म्हातारीची गाजरं’ म्हणून मागायचे. बियाची गाजरं आजवर थोरलीच्याच रानातून निघाली होती. फक्त गेल्या साली सासूबाई उजवीकडे वळल्या आणि धाकटीच्या त्या चिकण मातीतून चार गाजरं उपटून म्हणाल्या, “अगं बाई, ही तर देव्हाऱ्यात ठेवावी अशी आलीत!”

धाकटीनं त्या मातीत वर्षभर वाळू आणि कुजलेला पाला कालवला होता, उंच गादीवाफे केले होते. हे सगळ्यांनी पाहिलं होतं. थोरलीनंही पाहिलं होतं. त्या रात्री ती तीन पेले गरम पाणी प्याली.

यंदा पेरणीच्या आधी सासूबाईंनी जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “माझे डोळे आता दगा देतात. ही शेवटची निवड. ज्या रानातून बियाची गाजरं निघतील, तिच्या हाती डबा.”

थोरलीनं हातातला घास परत ताटात ठेवला. डबा म्हणजे नुसता डबा नव्हता. तिनं ज्या दिवशी या घरात पाऊल टाकलं, त्या दिवसापासून तिची नजर त्याच्यावर होती. डबा मिळाला की ‘त्या म्हातारीची गाजरं’ जाऊन ‘थोरलीची गाजरं’ येणार होती. आणि आता तो त्या हसऱ्या बाईकडे जाऊ शकत होता.

“आई, मला कशाला डबा,” धाकटी लगेच म्हणाली. “जाऊबाई आहेत ना.”

“बघ, बोलायलासुद्धा किती गोड,” थोरली रात्री नवऱ्याला म्हणाली. “आतून सगळं ठरवून बसलीय.”

“झोप आता,” नवरा म्हणाला. हे त्याचं ठरलेलं उत्तर होतं.

पेरणी झाली आणि चारच दिवसांत थोरली न्हाणीघरात घसरून पडली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर कोपरापर्यंत. तिचा जीव वरखाली झाला, कारण गाजराच्या पेरणीनंतर एक काम खोळंबून चालत नाही. गाजराचं बी उगवायला आळशी असतं आणि तण भलतं चपळ. बी वर डोकं काढायच्या आत मातीवर तणनाशक फवारलं तर तण दबतं. नाहीतर नंतर महिनाभर खुरपं घेऊन उकिडवं बसायचं. आणि फवारल्यावर आभाळातून हलकासा शिडकावा यावा लागतो. त्यानं औषध वरच्या थरात मुरतं आणि तिथंच बसून राखण करतं.

“तुम्ही करा फवारणी,” तिनं नवऱ्याला बजावलं. “आणि धाकटीच्या आधी झाली पाहिजे.”

“करतो की,” तो म्हणाला. संध्याकाळी पाठीवरचा पंप घेऊन फाटकातून आत गेला आणि बऱ्याच वेळानं परत आला.

“झालं?”

“झालं, झालं. काळजी नको.”

थोरलीनं डोळे मिटले. निदान तेवढं तरी पार पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माडीवरच्या खिडकीत बसली होती. तिथून फाटक दिसायचं. कुंपणापलीकडचं रान मात्र झुडपांनी झाकलेलं. पार लांब, शेतांच्या टोकाला एक डोंगर होता. एरवी तो धुरकट, असून नसल्यासारखा. पण थोरलीला त्याची भाषा कळायची. घरात कपडे वाळत घालायचे की नाही हेसुद्धा तिला विचारून ठरायचं, आणि याबाबतीत ती कधी म्हणजे कधी चुकलेली नव्हती. आज डोंगर जवळ आला होता. त्याच्या अंगावरची एकेक घळ मोजता येत होती, वारा एकदम पडला होता, आणि प्लास्टरमधलं मनगट ठणकत होतं. हा शिडकावा नव्हता. हा झोडपणारा पाऊस होता, आणि रात्रीच्या आत येणार होता.

नेमकी तेव्हाच धाकटी अंगणातून निघाली. पाठीवर पंप, तोंडाला फडकं बांधलेलं. फाटकापाशी ती थांबली. वळली, वर खिडकीकडे बघितलं आणि हात हलवला.

‘दाखवतेय,’ थोरलीला वाटलं. ‘तुझा हात मोडलाय आणि माझा बघ कसा चालतो, हे दाखवतेय.’

हाक तिच्या ओठांपर्यंत आली होती, हे खोटं नाही. ‘धाकटे, आज नको, पाऊस येतोय,’ एवढंच म्हणायचं होतं. या औषधावर मोठा पाऊस पडला की ते वरच्या थरात राहत नाही, पाण्याबरोबर खाली उतरतं आणि तणाबरोबर बियालाही धरतं. कोवळ्या मुळाचं टोक जळालं की गाजर सरळ जायचं विसरतं. हे थोरलीला माहीत होतं. तिच्या रानातलं कालचं औषध एव्हाना मातीला धरून बसलं असणार, तिकडची तिला चिंता नव्हती. पण तिला तो डबा दिसला, धाकटीच्या हातात. आणि ती मूग गिळून बसली. वर तोंडही फिरवलं.

फाटक वाजलं. कुंपणाआडून पंपाच्या दांड्याची कुरकुर येत राहिली. थोरली ती ऐकत होती आणि मनात म्हणत होती, मी कुठं काय केलंय? मी तर नुसती बसलेय.

संध्याकाळी पाऊस आला तो असा की अंगणातली बादली भरून वाहायला लागली. खाली धाकटी धावतपळत घरात शिरली, ओलीचिंब. थोरली अंथरुणात पडून पत्र्यावरचा आवाज ऐकत होती. लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. जास्त काय वाटत होतं ते तिनं तपासलं नाही. पोट मात्र अजिबात दुखत नव्हतं.

पुढचे दिवस तिचे सणासारखे गेले. हात गळ्यात अडकवून ती रानात फेरी मारायची. तिच्या बाजूला तणाचं पातंही नव्हतं. गाजरं जरा विरळ उगवली होती, पाला जरासा आखूड होता, पण एवढ्या पावसात थोडं बी वाहून जायचंच. उजवीकडे मात्र बघण्यासारखी मौज होती. धाकटीची चिकण माती पावसानंतर पापडासारखी टणक झाली होती, आणि ती बिचारी बोटांनी खपली फोडत रांगेरांगेनं सरकत होती, कोंबांना वर यायला वाट करून देत. त्यातून तण तर असं माजलेलं की गाजर कुठलं आणि गवत कुठलं हे तिचं तिलाच ठाऊक.

“औषध वाया गेलं वाटतं गं तुझं?” थोरलीनं आवाजात साखर घोळून विचारलं.

धाकटी खुरपं थांबवून वर बघायला लागली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सांगू की नको असं आलं आणि गेलं. “हो ना,” ती म्हणाली. “यंदा माझं काही खरं नाही. तुमचं मात्र कसं स्वच्छ आहे, जाऊबाई. बरं वाटतं बघून.”

“असणारच,” थोरली म्हणाली आणि ताठ मानेनं पुढे गेली.

धाकटी महिनाभर उकिडवी बसली. दिवस मावळेपर्यंत तिचं खुरपं चालायचं. थोरलीला कधीकधी वाटायचं, जाऊन डाव्या हातानं का होईना, चार तणं उपटावीत. पण मग डबा आठवायचा. गाजर जमिनीत असतं तोवर कुणाचं काय चाललंय ते कळत नाही, हा एक त्या पिकाचा चांगुलपणा आहे.

काढणीच्या दिवशी सगळं घर रानात उतरलं. मुलग्यांनी कारखान्यातून सुट्टी घेतली होती. सासूबाई काठी टेकत फाटकातून आल्या, डबा काखेत. थोरलीचं प्लास्टर निघालं होतं; मनगट अजून बारीक आणि पांढुरकं दिसत होतं.

“मोठीचं आधी,” धाकटी म्हणाली आणि बाजूला सरली.

सासूबाईंनी वाकून पहिलं गाजर उपटलं. त्याला दोन पाय होते. दुसरं उपटलं तर ते अंगठ्याएवढं, टोक बोथट, जणू खाली कुणी दगड ठेवला होता. तिसऱ्याला तीन तंगड्या, एकमेकींत गुंतलेल्या. सासूबाई रांग बदलून पुढे गेल्या. तिथंही तेच. थोरली स्वतः गुडघ्यांवर बसली आणि दुखऱ्या हातानं उपटत सुटली. आडवी, फाटकी, खुंटलेली. एकही धड नाही.

मग सासूबाई उजवीकडे गेल्या. धाकटीचं पहिलंच गाजर मातीतून निघता निघेना, आणि निघालं ते वीतभराहून लांब, सरळ, शेंड्यापर्यंत लाल.

थोरलीचा तिळपापड झाला. “हिनंच केलं!” ती ओरडली. “हिनंच काहीतरी केलंय माझ्या रानाला! नाहीतर माझ्या मातीत अशी गाजरं? जन्मात आली नाहीत!”

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. तिनं थोरलीच्या नवऱ्याकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली, पायानं एक ढेकूळ फोडलं आणि पुटपुटला, “फवारणी मी केली नव्हती.”

“काय?”

“त्या संध्याकाळी पंपाचं नोझल तुंबलं होतं. खोलत बसलो, अंधार पडला. तुला सांगितलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस. म्हणून धाकटीला म्हटलं, उद्या तेवढं करून टाक, आणि हे थोरलीला बोलू नकोस. तिनं दुसऱ्या दिवशी आधी तुझं केलं. तिचं करायच्या आत पाऊस आला.”

सासूबाईंनी रेताड माती चिमटीत घेऊन चोळली. “या मातीत काही टिकतं का?” त्या हळू म्हणाल्या. “एवढ्या पावसात औषध सरळ खाली गेलं, मुळांशी. धाकटीच्या रानात पडलंच नाही.”

थोरलीला मात्र आता धरायला काहीतरी सापडलं होतं. “म्हणजे मुद्दाम! पावसाच्या तोंडावर मुद्दाम माझ्या रानात फवारलंस!”

“नाही हो, जाऊबाई, देवाशपथ नाही!” धाकटी रडायलाच लागली. “चूक माझीच आहे, पण मुद्दाम नाही. रेडिओवर हलका शिडकावा म्हणाले होते. तरी मला धाकधूक होती. आपल्या रानाचं असतं तर एवढं वाटलं नसतं, पण तुमचं रान, म्हणून मी फाटकापाशी थांबले. वर बघितलं. तुम्ही खिडकीत होतात, मी हातसुद्धा केला. पावसाचं तुमच्याएवढं कुणाला कळतं? म्हटलं, काही चुकत असतं तर जाऊबाई हाक मारतील. तुम्ही हाक मारली नाहीत, म्हणून मी बिनघोर गेले.”

सासूबाईंनी माती हातातून झटकली.

“खिडकीत होतीस?” त्यांनी थोरलीला विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. डोळा लागला होता म्हणणं त्याहून सोपं. थोरलीनं तोंड उघडलं, आणि तिला धाकटीचा तो हात दिसला, फाटकापाशी वर केलेला. इतके दिवस तिला वाटत होतं तो हात मिरवतोय. तो तर विचारत होता.

“होते,” ती म्हणाली.

“डोंगर दिसला होता?”

“दिसला होता.”

“अहो आई, पण त्यांना काय माहीत,” धाकटी घाईघाईनं मध्ये पडली, नाक पुसत, जावेची बाजू घ्यायला. “त्यांना वाटलं असणार मी माझ्याच रानात...”

आणि ती तिथंच थांबली. वाक्य अर्धंच राहिलं. आपण जे बोलायला निघालो होतो ते काय आहे, हे तिला बोलता बोलता कळलं. तिनं थोरलीकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. रागाची तर थोरलीला सवय होती.

सासूबाईंनी काखेतला डबा काढला आणि थोरलीपुढे धरला.

“घे.”

“मला नको, आई.”

“मोठीचं आधी. तुझाच नियम. आधी तू घे, आणि मग तुझ्या हातानं तिला दे.”

थोरलीनं डबा घेतला. इतकी वर्षं तो किती जड असेल असं तिला वाटायचं; त्यात जेमतेम ओंजळभर बी होतं. डबा जरा कलला आणि आत बी सळसळलं. तिनं तो धाकटीच्या हातात दिला. “माझं चुकलं,” ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होती, त्यामुळे शब्द नीट बसले नाहीत. धाकटीनं डबा घेतला, मान हलवली, आणि खाली वाकून गाजरं वेचायला लागली. ती हसली नाही.

पोटातली कळ गेली नाही. फक्त तिचं कारण बदललं. आता थोरलीला डब्याचा हेवा वाटत नव्हता. खिडकीत कुणीतरी बसलंय, ते आपल्याला हाक मारेल, एवढ्या भरवशावर पाठीवर पंप घेऊन निघून जाणाऱ्या त्या बाईचा वाटत होता. तसं कुणावर विसंबून थोरली जन्मात कधी चार पावलं चालली नव्हती.

पुढच्या पेरणीनंतर एका दुपारी धाकटी पंप घेऊन निघाली. थोरली खिडकीत होती. धाकटी फाटकापाशी थांबली नाही, वरही बघितलं नाही. फाटक उघडून ती आत वळणार तेवढ्यात थोरलीची नजर डोंगरावर गेली. तो जवळ आला होता.

“धाकटे!” ती जीव तोडून ओरडली. खुर्ची मागे पडली. “धाकटे, थांब! पाऊस येतोय! मोठा!”

धाकटी थांबली. मागे वळून तिनं खिडकीकडे बघितलं. मग मान वळवून लांबच्या डोंगराकडे बघितलं. बराच वेळ, नीट, डोळ्यांवर हात धरून. स्वतःची खात्री झाल्यावरच तिनं पाठीवरचा पंप खाली उतरवला.